आरोहीनं भरलेलं पाणी

संघप्रियाचा कामाचा उरक सगळ्या वॉर्डाला माहीत होता. सोलापुरातल्या एका खाजगी दवाखान्यात ती स्टाफ नर्स होती, बायकांच्या वॉर्डात. सकाळच्या पाळीला ती आली की रात्रपाळीच्या पोरी निर्धास्त होत. हाताला वेग, डोळ्यांत तेल, आणि आवाज मात्र कधी चढलेला नाही.

घरी हाच वेग दुपटीनं चाले. जुळे सोलापूरमधल्या त्यांच्या बैठ्या घरात सकाळी कुकरची शिट्टी, डबे, आंघोळी, देवळीतल्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढची मेणबत्ती, सगळं एकाच दमात पार पडायचं. नवरा रत्नदीप रेल्वेत होता. होटगी जंक्शनला सिग्नलच्या देखभालीचं काम. तो उजाडायच्या आत डबा घेऊन बाहेर पडायचा. मग राहायच्या दोघी, संघप्रिया आणि दुसरीतली आरोही.

आरोही फक्त उभी असायची. आई तिला दात घासून द्यायची, अंगावर पाणी घालायची, पुसायची, गणवेशाची बटणं लावायची, एका हातानं वेणी घालता घालता दुसऱ्या हातानं दूध-चपातीचा घास तोंडात कोंबायची, खाली बसून बुटाच्या नाड्या बांधायची आणि दप्तर खांद्याला अडकवून रिक्षात बसवायची. सकाळ त्या पोरीच्या अंगावरून आपोआप सरकत जायची. तिला त्यात काही करावं लागत नसे, आणि करायला दिलं तर तासभर गेला असता. मोजा हातात दिला की ती मोज्याच्या टोकाचा सुटलेला दोरा बघत बसे. तांब्या दिला की पाणी पडताना कसं फुटतं ते बघे. "अगं, आवर की!" असं म्हणून संघप्रिया तो मोजा, तो तांब्या तिच्या हातातून काढून घ्यायची. काम दोन मिनिटांत व्हायचं.

शाळेतल्या बाईंनी एकदा बोलावून घेतलं.

"मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण हाती घेतलेलं पुरं करत नाही. गणित अर्ध्यावर सोडते. डबा अर्धा परत नेते. दप्तराची चेन लावायचीसुद्धा माझ्यापुढं येऊन उभी राहते. घरी तिचं तिला काही करू देता का?"

संघप्रियाला ते बोलणं लागलं. "बाई, मला साडेसातला ड्यूटीवर हजर व्हावं लागतं," एवढंच ती म्हणाली. परत येताना रिक्षात तिच्या मनात येत राहिलं की यांना काय जातंय बोलायला. घरी आल्यावर तिनं आरोहीला समोर बसवून लक्ष देण्यावर चांगलं अर्धा तास सांगितलं. आरोहीनं मान हलवली. त्या अर्ध्या तासात ती आईच्या कानातल्या डुलाकडे बघत होती.

मग एक दिवस संघप्रिया पडली.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी पाळी, आणि पाळीच्या दिवशीही ते सकाळी येईल की दुपारी याचा भरवसा नाही. आलं की माणसं हातातलं काम टाकून धावतात. त्या दिवशी संघप्रिया भरलेली कळशी कमरेवर घेऊन आत यायला निघाली आणि अंगणातल्या ओल्या शहाबादी फरशीवरून तिचा पाय सटकला. कळशी एकीकडं, ती एकीकडं. उठताना उजवा हात टेकवला तर डोळ्यांपुढं काजवे चमकले. इतक्या जणींचे हात तिनं झोळीत बांधून दिले होते. आता तिचाच हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये गेला. दीड महिना काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

वैरागहून सासूबाई आल्या, केसरबाई. त्यांनी आठवडाभर घर सांभाळलं. नातीला मांडीवर घेऊन भाकरी-दूध चारलं. मग धाकट्या लेकीचे दिवस भरत आले म्हणून त्यांना परतावं लागलं. जाताना त्या तीनदा वळून म्हणाल्या, "कसं व्हायाचं गं तुमचं?"

कसं व्हायचं ते दुसऱ्याच सकाळी कळलं. रत्नदीप भात आणि पिठलं करून ठेवून गेला होता. संघप्रिया प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून मधल्या खोलीत उभी राहिली आणि तिथून तिनं वॉर्ड चालवावा तसं घर चालवायला घेतलं.

"ब्रश घे. पेस्ट लाव, एवढी नको. नळ बंद कर आधी. टॉवेल कुठाय? दोरीवरचा घे, तो नाही, निळा. मोजे आण. अगं, उलटा आहे तो. बटण खालून लाव. दूध पिलंस का? दप्तरात डबा टाक. आरोही, मी काय बोलतेय?"

आरोही खोलीच्या मधोमध बसली होती. एका पायात मोजा, गणवेशाचं एक बटण भलत्याच काज्यात, तोंडात पेस्टचा फेस तसाच. बाहेर रिक्षावाल्या काकांनी हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि रिक्षा निघून गेली.

"गेली रिक्षा! आता बस घरी. एवढंसं काम होत नाही तुला?" संघप्रियाचा वॉर्डात कधी न चढलेला आवाज घरात चढला.

आरोही रडली नाही. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू एकदम लई बोलतीस मम्मी. मग मला एकपण ऐकू येत नाही."



त्याच दिवशी दुपारी वॉर्डातली नवी नर्स, संस्कृती, तिला बघायला आली. नातेपुत्याकडची पोरगी, कामाला लागून वर्ष झालं नव्हतं. सोबत चार मोसंबी आणली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही नाही तर वॉर्डात करमत नाही. मी पहिलं ड्रेसिंग केलं ते आठवतंय का तुम्हाला? माझा हात लटलट कापत होता. पट्टी खाली पडली, दुसरी घेतली तर तीही वाकडी बसली. मला वाटलं, आता ताई ट्रे ओढून घेणार. तुम्ही हात मागं बांधून नुसत्या उभ्या. शेवटी एकच बोललात, 'आता फक्त टोकाकडं बघ.' त्या दिवसापासून मला ड्रेसिंगची भीती नाही वाटली."

"हो, पेशंट मात्र वैतागली होती," संघप्रिया हसून म्हणाली.

संस्कृती गेली, पण ते बोलणं घरात राहिलं. संघप्रिया पलंगावर बसून विचार करत होती. परक्या पोरीच्या हातातून ट्रे घ्यायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आपसूक उमगलं होतं. घेतला तर पोरगी जन्मात शिकणार नाही, हे तिला दिसत असे. मग स्वतःच्या लेकीच्या हातातून मोजा काढून घेताना ते दिसलं कसं नाही? वॉर्डात तिनं कधी एका वेळी दहा सूचना दिल्या होत्या का? त्या नव्या पोरींना ती एकदा करून दाखवायची, हळू, न बोलता. मग बाजूला व्हायची. बास.

संध्याकाळी रत्नदीप आला तेव्हा तिनं त्याला हातोडी आणि खिळे काढायला लावले.

"कुठं ठोकू?"

"आरोहीचा हात पोचेल तिथं."

त्यानं भिंतीवर खाली खिळे ठोकले. एकावर टॉवेल, एकावर गणवेश, एकावर दप्तर. तिचा पेला, ताटली, ब्रश वरच्या फळीवरून खाली उतरला. रत्नदीप खिळा ठोकता ठोकता म्हणाला, "आमच्यात कसं असतंय, सिग्नल एका वेळी एकच द्यायचा. दोन दिले की गाडी उभीच राहते." मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यानं आणखी एक खिळा ठोकला. त्याचा काही उपयोग नव्हता, पण राहू दिला.

पहाटे संघप्रियानं आरोहीला नेहमीपेक्षा लवकर उठवलं. हातात वेळ असला तरच गप्प राहता येतं, हे तिच्या ध्यानात आलं होतं. बटणापासून सुरुवात केली. तिनं स्वतःचा जुना गाऊन घेतला, समोर बसली आणि डाव्या हातानं बटण लावू लागली. उजव्या हाताची सवय, डाव्या हाताला काही जमेना. बटण काज्यात शिरायचं आणि निसटायचं. आरोही टक लावून बघत होती.

"तुलापण येत नाही?"

"डाव्या हातानं नाही येत. शिकतेय."

आरोहीनं आपल्या गणवेशाचं सगळ्यात खालचं बटण धरलं. मायलेकी समोरासमोर बसून, खाली माना घालून बटणं लावत राहिल्या. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. संघप्रियाच्या जिभेवर कितीदा तरी आलं की अगं, काजा थोडा ताण. तिनं ओठ घट्ट मिटले. बराच वेळ गेला आणि आरोहीचं बटण काज्यातून पलीकडं आलं. पोरीनं वर बघितलंसुद्धा नाही. ती पुढच्या बटणाला लागली होती.

त्या दिवसांत घरात रोज काही ना काही सांडलं. दूध ओट्यावरून खाली आलं. आरोहीनं फडक्यानं पुसलं ते दुप्पट जागेत पसरलं, मग तिचं तिलाच कळलं की फडकं आधी पिळावं लागतं. चपातीचा तुकडा तोडताना भाजीची वाटी उपडी झाली. एक दिवस ती वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून शाळेत गेली आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही. प्लॅस्टरमधला हात संघप्रियाच्या नकळत पुढं व्हायचा आणि झोळीत अडकायचा. नंतर ती म्हणायची, ते प्लॅस्टर माझ्या हातापेक्षा माझ्या घाईला जास्त उपयोगी पडलं.

शिकली एकटी आरोही नाही. एकदा पोरगी नाडी बांधत होती. तिची पद्धत तिचीच होती. रिक्षावाले काका मागं दप्तरं दोरीनं आवळतात ते बघून तिनं उचललेली. एक फास धरायचा, दुसरं टोक त्याच्याभोवती गुंडाळायचं, मग खालून ओढायचं. ओढायच्या ऐन क्षणाला संघप्रियाच्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास!" आरोहीनं दचकून वर बघितलं आणि नाडी सुटली. त्या सकाळी ती नाडी पुन्हा काही बसली नाही. कौतुकसुद्धा मधेच करायचं नसतं, हे संघप्रियानं मनाशी ठेवलं.

आणि एक गोष्ट तिला रोज थोडी थोडी दिसत गेली. ही पोर वेंधळी नव्हती. तिचं लक्ष उडत नव्हतं, उलट ते एकदा बसलं की उठवता उठत नव्हतं. मोज्याच्या दोऱ्याकडं ती बघत बसायची ते लक्ष नसल्यामुळं नव्हे. दर वेळी त्या लक्षातून तिला उपटून काढत होती ती तिची आईच. इतकी वर्षं पेशंटच्या श्वासावरून दुखणं ओळखणाऱ्या संघप्रियाला आपल्या मुलीचा स्वभाव एका हातानं घरी बसल्यावर ओळखू आला. त्याचं तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटून घेत बसण्यापेक्षा समोर जे चाललं होतं ते बघण्यात तिचा जीव जास्त रमला.

मग एके दिवशी एक्स-रेचा फोटो काढून हात जुळतोय का बघायचा होता. दुपारची वेळ मिळाली. शाळेतून आल्यावर आरोहीनं शेजारच्या वच्छलाकाकूंकडं थांबायचं ठरलं. घराची किल्लीही काकूंकडंच ठेवली. नळाच्या पाण्याची पाळी त्याच दिवशी होती, पण गेल्या दोन्ही वेळा पाणी संध्याकाळी उशिरा आलं होतं. तोवर रत्नदीप येईल, म्हणून कुणी काळजी केली नाही.

दवाखान्यात गर्दी होती. आपल्या नोकरीचाच दवाखाना असून रांगेत बसायचं म्हणजे काय ते संघप्रियाला कळत होतं. तेवढ्यात फोन वाजला. वच्छलाकाकू.

"अगं संघे, पाणी सुटलंय की! आन् आज लई जोरात हाय."

"आता कसं हो काकू? मला अजून वेळ आहे. तुमचं झालं की आमची निदान एक कळशी भरून ठेवता का?"

"माझं व्हईस्तोवर जाईल की गं पाणी. मी एकटी माणूस, गुडघं हे असं." मागं बादलीचा आवाज आला. "पर तू काळजी नको करू. पोरीनं किल्ली नेली मगाशीच. पाईप लावलाय तिनं."

"काकू, नका तिला लावू कामाला. फरशी ओली असेल. मी पडले तिथंच."

"लावतंय कोन? मी हिकडं नळावर, ती तिकडं. तिनं मला इचारलंबी न्हाय." फोन बंद झाला.

फोटो काढून संघप्रिया जी निघाली ती रिक्षात बसेपर्यंत धावतच. रस्ताभर तिला अंगण दिसत होतं. पाण्याचं बॅरल भरून वाहतंय, पाणी रस्त्यावर जातंय, पोरगी फरशीवर आडवी. नाहीतर पाईप सुटून पडलाय आणि आरोही त्यातून उडणारं पाणी बघत बसलीय. पाच दिवसांचं पाणी गेलं तर जाऊ दे, असं ती मनाला सांगत होती. पोरगी तेवढी धड असू दे.

फाटकाशी रिक्षा थांबली. तिनं आत बघितलं आणि ती तिथंच उभी राहिली.

आरोही अनवाणी होती. बूट काढून पायरीवर बाजूला ठेवले होते. पहिल्या बॅरलला लागून तिनं बादली पालथी घातली होती, तिच्यावर उभी राहून तिनं बॅरलच्या काठावर हनुवटी टेकवली होती आणि आतल्या पाण्याकडं बघत होती. गल्लीत गलका होता. कुणी कुणाला हाका मारत होतं, कुठं घागर आपटत होती. त्यातलं काहीही तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तेच डोळे, तेच टक लावणं, ज्याच्यासाठी तिनं रोज बोलणी खाल्ली होती.

संघप्रिया फाटकातून आत पाऊल टाकणार, तोच न वळता आरोही म्हणाली, "बोलू नको मम्मी. भरत आलंय."

पाणी काठाखाली चार बोटांपर्यंत चढलं. आरोही बादलीवरून उतरली, एकेक पाय जपून टेकत. तिनं पाईप दोन्ही हातांनी धरला आणि मधोमध दुमडून दाबला. धार थांबली. तसाच दाबलेला पाईप घेऊन ती दुसऱ्या बॅरलपाशी गेली, टोक आत सोडलं आणि मग दुमड सोडली. पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. पहिल्या बॅरलवर तिनं झाकण ठेवलं. ते तिरपं बसलं. ती फिरून आली, दुसऱ्या बाजूनं दाबलं, तेव्हा बसलं.

संघप्रियाला ओरडून काहीतरी म्हणावंसं वाटत होतं.  फाटकाची कडी तिनं डाव्या मुठीत गच्च धरून ठेवली होती.

दुसरं बॅरल अर्ध्यावर आलं तेव्हा नळ फुसफुसला आणि पाणी गेलं. आरोहीनं नळ बंद केला, पाईप गुंडाळायचा प्रयत्न केला, तो काही गुंडाळला गेला नाही, म्हणून तसाच कोपऱ्यात लोटला. मग आईकडं वळली.

"पाईप दुमडायला कुणी शिकवलं तुला?"

"पप्पा करतात की."

"आणि प्यायचं पाणी?"

"ते आधीच भरलं. पहिलं गढूळ येतं ना, ते दुसऱ्या बादलीत काढलं. मग घागरीवर फडकं घातलं, तू घालतीस तसं दुहेरी." ती थोडी थांबली. "घागर मला उचलत नाही. ती तिथंच आहे. पप्पा आल्यावर आत नेतील."

नळाच्या बाजूला घागर होती. तोंडावर धुतलेलं फडकं दुहेरी करून घट्ट बसवलेलं. पाणी स्वच्छ, वर एक काडीसुद्धा नाही. आपण पाणी भरताना इतके दिवस ही पोर बाजूला उभी राहायची, आणि संघप्रियाला वाटायचं, ही नुसती पाण्याशी खेळतेय.

ती पायरीवर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण हसूच आलं. कारण तेवढ्यात तिला दिसलं की दप्तर नळाजवळच्या थारोळ्यात पडलंय, मराठीचं पुस्तक भिजून फुगलंय आणि डबा उघडलेलाच नाही. आरोहीनंही ते बघितलं.

"हे राहिलं," ती म्हणाली.

"हे राहिलं," संघप्रियाही म्हणाली. मग दोघींनी पुस्तकाची चिकटलेली पानं एकेक करून सोडवायला घेतली. एकीचे दोन हात, एकीचा एक.

वच्छलाकाकू भिंतीवरून डोकावल्या. घामानं डबडबलेल्या. त्यांची नजर झाकलेल्या बॅरलवर गेली, मग घागरीवर. "माझी घागर झाकायची राहिली बघ," म्हणाल्या आणि परत आत गेल्या.

महिन्याअखेरीला केसरबाई पुन्हा आल्या. लेकीला मुलगा झाला होता. येताना कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि नातीसाठी लाडू आणले. पण नातीला स्वतःचं ताट घासताना बघून त्यांचं मन बिथरलं.

"एवढ्याशा पोरीला कामाला लावलंस व्हय गं? आमी लहानपणी धुणीभांडी केली. तुमी शिकलात, नोकऱ्या लागल्या, तवा पोरींचं सुटंल असं वाटलं हुतं. आन् तू तिला परत मोरीत बसवालीस?"

संघप्रियाला हे बोलणं टाकून देता येईना. त्यात खरेपणा होता. केसरबाईंनी ते भोगलेलं होतं.

"आई, घरातली भांडी तिला देत नाही मी. तिचं तिनं जेवलेलं ताट, तेवढंच. मुलगा असता तरी हेच केलं असतं. तिला माझ्यावाचून अडू नये, एवढंच वाटतं."

"शिकंल की मोठी झाल्यावर."

"मीपण तेच म्हणत होते."

केसरबाईंचं समाधान झालं नाही. सकाळी त्यांनी नातीला मांडीवर ओढून भाकरी कुस्करायला घेतली. आरोही अलगद खाली उतरली. "आजी, तू नुसतं बघ," म्हणाली आणि जेवायला बसली. जेवली, ताटली धुतली, गणवेश घातला. मग पायरीवर बसून बुटाच्या नाड्यांना लागली. केसरबाई शेजारी टेकल्या. पोरगी फास धरायची, गुंडाळायची, ओढायची. एक सुटली, पुन्हा धरली. जिभेचं टोक ओठांतून बाहेर आलं होतं. केसरबाईंचा हात हळूहळू पुढं गेला आणि मधेच थांबला. मग त्यांनी तो पदराखाली घेतला.

रिक्षा गेल्यावर त्या सुनेला म्हणाल्या, "लई येळ लावती. पर काय जीव लावून करती गं. मी इकडं खोकत हुते, तरी तिनं मान वर केली न्हाय." पुढं दिवसभर त्या हेच वच्छलाकाकूंना, भाजीवालीला आणि फोनवरून वैरागला सांगत राहिल्या, आणि दर वेळी नाडी बांधायचा वेळ थोडा थोडा वाढत गेला.

प्लॅस्टर निघालं. आतून हात बारीक आणि पांढरट निघाला, जुन्या ओळखीच्या माणसासारखा वाटेना. व्यायाम करून करून मूठ वळू लागली आणि संघप्रिया कामावर रुजू झाली. खरी कसोटी त्यानंतरच्या सकाळी होती. दोन्ही हात मोकळे, घड्याळ पुढं पळतंय, आरोही बटणावर अडलीय. संघप्रियानं काय केलं, तर ती कणीक मळायला बसली, म्हणजे हात गुंतून राहतील. काही सकाळी तिला ते जमलं नाही आणि तिनं मुलीच्या हातातून कंगवा ओढून घेतला. आरोही तेव्हा वाट बघत उभी राहिली, आणि संघप्रियानं कंगवा परत दिला.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, अजून सगळ्यांच्या शेवटी वही देते. पण आता गणित पुरं करून देते, आणि खाडाखोड नसते. संघप्रियाला एवढं पुष्कळ होतं.

उन्हाळा लागायच्या आधीच्या एका रविवारी आरोहीनं स्वतःहून विचारलं, "मी कोपऱ्यावरून भाजी आणू? एकटी?"

कोपरा घरातून दिसत नव्हता. संघप्रियानं रत्नदीपकडं बघितलं. तो पेपरात तोंड घालून बसला होता, पण पान उलटायचं थांबला होता. मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, भाजीवाली ओळखीची, दिवसाची वेळ. संघप्रियानं सगळं मनात एकदा फिरवून बघितलं.

"मेथीची एक जुडी आण," ती म्हणाली आणि पिशवी दिली. आणखी काही सांगितलं नाही.

आरोही गेली. फाटकापर्यंत जाऊन बघावं असं संघप्रियाला वाटलं. तिनं ज्वारीचं पीठ परातीत घेतलं, बाजूला ठेवलं, पुन्हा घेतलं. रत्नदीप उठून दारात गेला, आत आला, पाणी प्यायला, परत दारात गेला. "मी नुसता वारा घ्यायला उभा आहे," तो म्हणाला.

पोरगी आली ती तिच्या नेहमीच्या चालीनं, कुठं घाई नाही. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. आत येऊन तिनं ती ओट्यावर ठेवली.

"मेथी पिवळी पडली होती. मावशी म्हणाल्या, ने की, चालतंय. पण मला नाही आवडली. मग मी शेपू आणला."

संघप्रियानं जुडी सोडली. हिरवीगार, ताजी, मुळांना अजून ओली माती. घरात शेपू कधी येत नसे, कारण रत्नदीपला त्याचा वासही सहन होत नसे. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको दुसरीकडं बघत होती.

आरोहीनं चटई अंथरली, पेपर पसरला आणि शेपू निवडायला बसली. एकेक काडी उचलायची, उलटून बघायची, माती झटकायची. तिला किती वेळ लागला ते कुणी बघितलं नाही. दुपारी मूगडाळ घालून संघप्रियानं भाजी केली, गरम भाकऱ्या थापल्या, आणि रत्नदीपनं भाजी दुसऱ्यांदा मागून घेतली.